आधी कान, मग डोळे, मग रक्त: मुलाच्या शिकण्याकडे बघण्याचा क्रम

शाळेतून निरोप येतो, "लक्ष देत नाही." बाबा म्हणतात आळशी आहे, आजी म्हणते नजर लागली, शिकवणीवाले म्हणतात बेसिक कच्चं आहे, वर्षभर पाठवा. निदानं भरपूर झाली, पण तपासलं कोणीच काही नाही. मुलाला नीट ऐकू येतं का, फळा दिसतो का, रक्तात लोह आहे का, रात्रीची झोप पुरते का, हे प्रश्न इतके साधे आहेत की ते राहूनच जातात आणि थेट मेंदूवर, स्वभावावर किंवा मोबाइलवर खापर फुटतं.

इथे नागपूर-विदर्भातल्या घरांना डोळ्यांसमोर ठेवून जन्मापासून साधारण दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तपासणीचा क्रम दिला आहे. क्रम पाळायचा, कारण पुढच्या पायरीचा निकाल मागच्या पायरीवर अवलंबून असतो. कान न तपासता केलेली बुद्ध्यांक चाचणी म्हणजे वाया गेलेले पैसे.

कामापुरता मेंदू

जन्मतः बाळाचा मेंदू साधारण ३५० ते ४०० ग्रॅमचा असतो, म्हणजे मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जेमतेम पाव हिस्सा ते थोडा जास्त. सहाव्या वर्षापर्यंत तो वजनाने मोठ्यांच्या ९० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. त्यावरून "सहा वर्षांनंतर काही होत नाही" असं ठोकून सांगणारे भेटतात. त्यांचं ऐकू नका. वजन लवकर वाढतं, जोडण्यांचं काम विशीच्या मध्यापर्यंत चालू असतं.

सुरुवातीच्या वर्षांत मेंदूपेशींमध्ये गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोडण्या तयार होतात. वापरात राहतात त्या पक्क्या होतात, उरलेल्या हळूहळू छाटल्या जातात. ही छाटणी सगळीकडे एकदम होत नाही. पाहण्या-ऐकण्याचे भाग आधी तयार होतात, भाषेचे त्यांच्या मागोमाग, आणि थांबणं, वाट पाहणं, ठरवून लक्ष देणं ही कामं करणारा कपाळामागचा भाग सगळ्यांत शेवटी. म्हणून चार वर्षांचं लेकरू अख्खी आरती पाठ म्हणतं, पण प्रसादाच्या रांगेत पाच मिनिटं उभं राहू शकत नाही. त्यात विसंगती काही नाही. दोन्ही कामं वेगवेगळ्या भागांची आहेत आणि त्यांची वयं वेगवेगळी आहेत.

या छाटणीचा एक सुंदर पुरावा आपल्याच ट आणि त या ध्वनींनी दिला. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाच्या आसपासच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला, कारण त्यांच्या घरात या फरकाचं काही कामच पडलं नव्हतं. पहिल्याच वर्षात कान आपली भाषा निवडून घेतात. त्या वर्षात ऐकूच कमी येत असेल, तर नुकसान केवढं होईल याचा अंदाज यावरून करा.

वेगळं म्हणजे किती वेगळं

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचे बसण्या-चालण्याचे टप्पे नोंदले. त्या देशांत भारतही होता. आधाराशिवाय बसण्याचं वय ३.८ ते ९.२ महिने निघालं, स्वतः चालण्याचं ८.२ ते १७.६ महिने. शंभरातली चार मुलं हाता-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत आणि तरी ठीक चालली. शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं आणि आपलं चौदाव्यात, तर त्यावरून बुद्धीबद्दल काहीही कळत नाही.

मात्र या मोकळीकीला कडा आहेत. खालीलपैकी काही दिसलं तर "त्याचे बाबा पण तिसऱ्या वर्षीच बोलले होते" या वाक्यावर थांबू नये:

दोन-तीन महिन्यांपर्यंत माणसाकडे बघून हसू येत नाही. चार महिने होऊनही मान सावरत नाही. नऊ ते बारा महिन्यांत नावाने हाक मारली तर वळून बघत नाही. दीड वर्षापर्यंत हवी ती वस्तू किंवा "ते बघ" म्हणून काही बोटाने दाखवत नाही. दीड वर्षापर्यंत चालत नाही किंवा अर्थ असलेला एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत "पाणी दे", "बाबा गेले" असे स्वतःचे दोन शब्द जोडत नाही. आणि येत असलेलं काही गेलं, म्हणजे बोलायचं ते बोलेनासं झालं, तर वय कोणतंही असो, त्याच आठवड्यात डॉक्टर.

यातला बोट दाखवण्याचा मुद्दा घरोघरी दुर्लक्षित राहतो. शब्द नसले तरी मूल बोटाने दाखवतं, तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, परत वस्तूकडे बघतं, तेव्हा संवादाचं अर्धं यंत्र चालू असतं. शब्द आहेत, पण ते फक्त जाहिरातींतले किंवा यूट्यूबवरचे आहेत आणि बोट कशाकडेच जात नाही, तर काळजी जास्त. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट-आर नावाची २० हो-नाही प्रश्नांची मोफत चाळणी आहे. ती बालरोगतज्ज्ञाकडे भरून घेता येते. चाळणीत अडकलं म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम) ठरली असं नाही, पुढची तपासणी करायची एवढाच त्याचा अर्थ.

शाळेत गेल्यावर फरकाचं आणखी एक कारण तयार होतं, ते म्हणजे जन्ममहिना. राज्यात पहिलीच्या प्रवेशासाठी वय ३१ डिसेंबरला धरलं जातं, त्यामुळे एकाच बाकावर बसलेल्या दोघांत अकरा महिन्यांचं अंतर असू शकतं. सहा वर्षांच्या आयुष्यात हे अंतर फार मोठं. वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना अतिचंचलतेचं निदान जास्त वेळा चिकटतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. नोव्हेंबर-डिसेंबरच्या मुलाबद्दल तक्रार आली, तर आधी बाईंना विचारा, तुलना कोणाशी केली?

पहिली पायरी: कान

नवजात बाळाची ऐकण्याची चाळणी एक महिन्याच्या आत, पक्कं निदान तीन महिन्यांच्या आत आणि यंत्र किंवा उपचार सहा महिन्यांच्या आत, हे वेळापत्रक जगभर धरतात. चाळणीची ओएई तपासणी बाळ झोपलेलं असताना काही मिनिटांत होते, दुखत नाही. त्यात "रेफर", म्हणजे पुन्हा तपासा असं आलं, तर पुन्हा ओएई आणि मग बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी तपासणी) करतात. पहिल्या दोन दिवसांत कानात द्रव राहिल्यामुळेही "रेफर" येऊ शकतं, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण फेरतपासणी टाळायचंही कारण नाही, आणि गोंधळ नेमका तिथेच होतो. बाळ दार आपटल्यावर दचकतं, कुकरच्या शिटीला रडतं, म्हणून घरचे निर्धास्त होतात. दचकण्यासाठी मोठा आवाज ऐकू आला तरी पुरतो. स, श, फ, ख ऐकायला जास्त बारीक कान लागतो.

मोठ्या मुलांत वेगळा दोष जास्त दिसतो. वारंवार सर्दी आणि नाकामागे वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडमुळे कानाच्या पडद्यामागे चिकट द्रव साठतो. कान दुखत नाही, वाहत नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पण साधारण २० ते ४० डेसिबलने ऐकू कमी येतं. समोर बसून त्याच्याशी बोललं तर असं मूल सगळं ऐकतं, पाठमोऱ्या बाईंचं निम्मं गाळतं, आणि "मनात असेल तेव्हा बरोबर ऐकतो" हा शिक्का बसतो. चार-पाच वर्षांच्या पुढच्या मुलाची ऑडिओमेट्री (किती ऐकू येतं ते मोजणारी) आणि टिम्पॅनोमेट्री (कानाचा पडदा नीट हलतो का ते बघणारी) दोन्ही करून घ्या. नुसत्या पहिलीने पडद्यामागचा द्रव नक्की कळत नाही. बरेचदा द्रव तीन महिन्यांत आपोआप ओसरतो, म्हणून डॉक्टर थांबायला सांगतात. तेवढे दिवस मूल पुढच्या बाकावर बसेल, हे शाळेला लिहून द्या.

कुलरचा विषय नागपुरात वेगळा काढावा लागतो. एप्रिल ते जून घराच्या मुख्य खोलीत मोठा कुलर दिवसभर घरघरत असतो आणि त्याच खोलीत मूल भाषा शिकत असतं, अभ्यास करत असतं. मोठ्यांना गोंगाटात शब्द ओळखता येतात, कारण गाळलेला भाग ते अंदाजाने भरतात. लहान मुलांना ते जमत नाही. गोंगाटातून बोलणं वेगळं काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत वाढत असते. कुलर बंद करा असं मे महिन्यात कोणी सांगणार नाही. पण गोष्ट सांगताना किंवा वाचून घेताना पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवा, पाण्याचा पंप चालू राहू द्या, कुलरच्या झोतापासून दूरच्या कोपऱ्यात बसा आणि मुलाला तुमचं तोंड दिसेल असं बसा. टीव्ही मात्र बंदच.

दुसरी: डोळे

चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्याचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा, बाळ काचेच्या पेटीत असलं तरी. हा मुहूर्त चुकला तर दृष्टी कायमची जाऊ शकते.

बाकीच्यांची पहिली पूर्ण तपासणी तीन-चार वर्षांच्या आसपास. एक डोळा झाकून दुसऱ्याने, मग उलट. दोन्ही डोळे उघडे ठेवून मूल सगळं वाचतं आणि एक डोळा जवळजवळ काम करत नाही, असं होऊ शकतं. मेंदू धूसर डोळ्याचं चित्र वापरणं सोडून देतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी हा उपाय सात वर्षांच्या आत सर्वांत चांगला लागू पडतो. लहान मुलाचा चष्म्याचा नंबर डोळ्यात थेंब टाकून काढावा लागतो. दुकानातल्या मशिनवर दोन मिनिटांत काढलेल्या नंबरावर विसंबू नये.

तिसरी: रक्त

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९-२१ नुसार देशात सहा महिने ते पाच वर्षांतल्या दर तीन मुलांपैकी दोघांना रक्तक्षय आहे. लोह फक्त रक्तासाठी लागतं असं नाही. मज्जातंतूंवरचं वेष्टण तयार व्हायला आणि लक्ष देण्यात भाग घेणारं डोपामिन बनायलाही ते लागतं. त्यामुळे हिमोग्लोबिन उतरण्याआधीच मूल मरगळलेलं, चिडकं, विसराळू दिसू शकतं. माती, खडू, बर्फ खाण्याची सवय हा मोठा इशारा.

हिमोग्लोबिन दोन ते पाच वर्षांत ११ च्या खाली आणि पाच ते अकरा वर्षांत ११.५ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. शक्य असेल तर सोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची चाचणी करा. पण ताप-सर्दी असताना नको, तेव्हा ते खोटं वाढलेलं येतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना लोहाचं सिरप १ मिली आठवड्यातून दोनदा, पाच ते नऊ वर्षांना गुलाबी गोळी आठवड्यातून एकदा आणि दहाच्या पुढे निळी गोळी मिळते. ही मात्रा बचावाची आहे. रक्तक्षय झालेल्या मुलाला वजनानुसार रोजची मात्रा लागते आणि हिमोग्लोबिन सुधारल्यावरही ती काही महिने चालू ठेवावी लागते. बहुतेक घरी बाटली महिनाभरात बंद होते, कारण शी काळी होते आणि आजी घाबरते. काळी शी होणं अपेक्षितच आहे.

ताटात काय? तूर, हरभरा, बरबटी (चवळी), अंबाडीची भाजी, तीळ, चालत असेल तर कलेजी. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व लागतं आणि त्याबाबतीत आपण नशीबवान आहोत: जेवणासोबत संत्र्याच्या चार फोडी किंवा वरणावर लिंबू. जेवणानंतरचा चहा मात्र हे सगळं उधळतो. पोरांना कपभर दुधाळ चहात पोळी बुडवून द्यायची सवय विदर्भात फार आहे, ती मोडायलाच हवी. दूधही दिवसाला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त नको. दुधाने पोट भरलं की वरण-भाजी मागे राहते. मीठ आयोडिनयुक्तच घ्या, सैंधव नेहमीसाठी नको. बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका, काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडतं आणि शिसं थेट मेंदूला बाधतं. हळदीला चमकदार पिवळा रंग यावा म्हणूनही शिसंयुक्त रंगाची भेसळ होते. हळकुंडं घेऊन दळून आणलेली बरी.

लोह सुरू करण्याआधी आपल्या भागात एक तपासणी विसरू नये: सिकलसेल, म्हणजे रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होणारा आनुवंशिक आजार. विदर्भातल्या काही समाजांत त्याचं प्रमाण बरंच आहे. आधी सोल्युबिलिटी चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस. वाहक मुलाला सहसा त्रास नसतो. पण सिकलसेलच्या रुग्ण मुलात मेंदूच्या बारीक भागांना रक्त कमी पडून असे लहान झटके येऊन जातात की बाहेरून काही दिसत नाही. ना हात लुळा पडतो, ना तोंड वाकडं होतं. दिसतं ते एवढंच की दुसरीपर्यंत बरा असलेला मुलगा तिसरीत मागे पडला. अशा मुलांची दोन ते सोळा वर्षांच्या दरम्यान दर वर्षी डोक्याची डॉप्लर तपासणी करायची असते. त्यांना बाजारातलं लोहाचं टॉनिक आपल्या मनाने कधीही देऊ नये. नागपुरातली मेयो, मेडिकल आणि मिहानचं एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत बालरोग विभाग आहेत. प्राथमिक चाचणी आरोग्य केंद्रातही होते.

झोप, आणि काही सेकंदांची गैरहजेरी

एक ते दोन वर्षांत दुपारच्या झोपेसह ११ ते १४ तास, तीन ते चार वर्षांत १० ते १३, शाळेच्या वयात ९ ते १२. दिवसा शिकलेलं झोपेत पक्कं होतं, त्यामुळे जागून केलेलं पाठांतर आतबट्ट्याचा धंदा आहे. चौथीपर्यंतच्या वर्गांना सकाळी नऊच्या आधी बोलावू नये असं शासनाने २०२४ मध्ये सांगितलं, तरी सात-साडेसातला व्हॅन दारात येणारी घरं आहेतच. तसं असेल तर रात्री नऊला दिवे बंद. उन्हाळ्यात गच्चीवर अकरापर्यंत गप्पा आणि सकाळी सातचा समर कॅम्प, हे गणित जुळत नाही. आठवड्यातून तीन-चार रात्री मूल घोरत असेल, तोंड उघडं ठेवून झोपत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. झोप तुटलेली मुलं पेंगण्याऐवजी उड्या मारतात.

बाईंनी "मध्येच हरवतो" म्हटलं तर नेमकं विचारा. वाक्य अर्ध्यावर तुटून पाच ते पंधरा सेकंद नजर स्थिर होते, हाक मारली किंवा हात लावला तरी कळत नाही, आणि मग काही झालंच नाही असं मूल पुढे चालू होतं? हे दिवसातून अनेकदा होतं? मग ते दिवास्वप्न नसून फिटचा एक प्रकार असू शकतो. तो साधारण चार ते दहा वर्षांत सुरू होतो, ईईजीत (मेंदूच्या लहरींच्या तपासणीत) कळतो आणि औषधाने बहुतेकदा आटोक्यात येतो. घडत असताना मोबाइलवर व्हिडिओ घ्या, डॉक्टरांना त्याने फार मदत होते.

बोलणं कसं वाढवायचं

मुलाने काही केलं, तुम्ही त्याला उत्तर दिलं, त्याने परत काही केलं: ही देवाणघेवाण मेंदूला लागते. टीव्ही बोलतो, पण उत्तर देत नाही. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको, दोन ते चार वर्षांत दिवसाला तासाभराच्या आत. परगावच्या आजी-आजोबांशी व्हिडिओवर बोलणं यात धरायचं नाही, कारण पलीकडे उत्तर देणारं माणूस असतं.

रोज पंधरा मिनिटं असं करा. मूल ज्या वस्तूकडे बघतंय तिचंच नाव घ्या, तुमच्या आवडीची नको. मूल एक शब्द बोललं की तुम्ही दोन बोला: "भूभू" म्हणालं तर "भूभू झोपला". प्रश्न विचारला की मनात पाच अंक मोजा आणि गप्प बसा. ही पायरी सर्वांत कठीण, कारण मोठ्यांना शांतता सोसवत नाही आणि उत्तर तेच देऊन मोकळे होतात. "हे काय? हे काय?" अशी परीक्षा घेत राहिलात तर मूल बोलायचं थांबेल.

घरात वऱ्हाडी किंवा झाडीबोली, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, असं नागपुरात अर्ध्याअधिक मुलांचं असतं. दोन-तीन भाषांमुळे बोलायला उशीर होत नाही. शब्द मोजताना सगळ्या भाषांचे मिळून मोजा. आईवडिलांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलण्यापेक्षा आपल्या भाषेत भरभरून बोलावं, "काऊन रडून राह्यला रे?" यातही व्याकरण पूर्ण आहे.

बोलायला उशीर झाला म्हणून जिभेखालची शीर कापून आणतात. त्याने दूध ओढणं किंवा काही उच्चार सुधारू शकतात, शब्द मात्र येत नाहीत. वेखंड उगाळून चाटवल्यानेही येत नाहीत, जास्त पोटात गेलं तर उलट्या होतात.

वाचन: जिथे फरक सर्वांत ठळक दिसतो

बोलण्यासाठी मेंदू जन्मतः तयार असतो, वाचण्यासाठी नसतो. लिपी ही काही हजार वर्षांपूर्वीची युक्ती. दरेक मुलाच्या मेंदूला डाव्या बाजूच्या, चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या भागाशेजारचा एक पट्टा या कामाला नव्याने लावावा लागतो. काहींचा लवकर लागतो, काहींना शेकडो उजळण्या जास्त लागतात, बुद्धी तेवढीच असली तरी.

देवनागरीत उच्चार आणि अक्षर यांचा मेळ चांगला आहे, पण अडचणी आहेत आणि त्या शिकवणाऱ्याला माहीत असायला हव्यात. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी येते आणि तोंडात नंतर. म्हणून "दिवा" लिहिताना मूल अडखळतं. रफार तर अक्षराच्या डोक्यावर बसतो आणि उच्चारात त्याच्या आधी येतो: कर्म, क्रम आणि कृती यांत र तीन ठिकाणी तीन रूपांत. "नागपूर" या शब्दात लिहिलेली अक्षरं चार, पण बोलताना अवयव दोनच, नाग्-पूर्. सुटी अक्षरं वाचणारं मूल "ना ग पू र" म्हणतं आणि आपल्याच गावाचं नाव त्याला ओळखू येत नाही. त्यात दिसायला सारखी अक्षरं: घ-ध, भ-म, थ-य, प-ष, ब-व. मूळाक्षरं, बाराखडी आणि जोडाक्षरं मिळून चिन्हांचा पसारा इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांपेक्षा कितीतरी मोठा असल्याने पूर्ण सफाई यायला चौथी उजाडते. पहिलीत अक्षरं उलटी काढणं तर साधारण सात वर्षांपर्यंत सामान्य आहे.

विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. मे-जूनचे ते आठ आठवडे मागे पडलेल्या मुलासाठी सोन्यासारखे. सकाळी साडेसातच्या आत किंवा सूर्य कलल्यावर रोज वीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, असं:

१. पहिली तीन मिनिटं वही बंद, फक्त कान. "काम"मधला क काढून न लाव, काय झालं? "मान"च्या जागी "कान" करायला काय बदललं? हे जमल्याशिवाय अक्षरं घोटून उपयोग नाही.

२. पुढची पाच मिनिटं अक्षरं. अआइई या क्रमाने जाऊ नका. न, म, क, ल, र आणि काना एवढ्यावर सुरू करा. पहिल्याच आठवड्यात नाक, कान, मका, मान, काम, राम, लाल, कमान वाचता येतात आणि वाचणं म्हणजे अर्थ लागणं हे मुलाला कळतं. दर तीन-चार दिवसांनी दोन नवी चिन्हं. घ शिकवला तर ध किमान दोन आठवडे लांब ठेवा. वेलांट्या काना-मात्रा पक्का झाल्यावर, रफार सर्वांत शेवटी.

३. सात मिनिटं शब्द आणि छोटी वाक्यं. अडलं की तीन सेकंद थांबा, मग पहिला ध्वनी सांगा. पूर्ण शब्द सांगून टाकलात तर पुढच्या वेळीही तिथेच अडेल. कालचे चुकलेले पाच शब्द आज परत, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

४. शेवटची पाच मिनिटं तुम्ही वाचा, मूल ऐकेल. त्याच्या वाचनाच्या पातळीपेक्षा वरचं, त्याच्या समजेच्या पातळीचं. हे सोडू नका. वाचन मागे राहिलं म्हणून शब्दसंग्रहही मागे राहिला, तर नुकसान दुप्पट.

शनिवारी मोजणी. तेवढ्याच कठीण, पण न वाचलेल्या उताऱ्यातले एका मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते तारखेसह लिहा. तोच उतारा परत दिला तर आकडा पाठांतराचा येतो. आठ ते बारा आठवड्यांत आकडा चढत असेल तर कमी सरावाची अडचण होती, चालू ठेवा. नियमित काम होऊनही रेघ सपाट राहिली, तर ही वहीच वाचन-अक्षमतेच्या (डिस्लेक्सियाच्या) तपासणीसाठी सर्वांत उपयोगी कागद ठरते.

इंग्रजी माध्यमातलं मूल मराठी झरझर वाचत असेल आणि फक्त इंग्रजीत अडत असेल, तर बहुधा शिकवण्यात उणीव आहे. दोन्हींत संथ असेल तर तपासा. मराठीत डिस्लेक्सिया चुकांपेक्षा संथपणात जास्त दिसतो: वाचतो बरोबर, पण इतक्या कष्टाने की ओळीच्या शेवटी सुरुवात विसरलेली असते.

गणितात आपल्या संख्यानामांचा त्रास आहे. २५ लिहिताना दोन आधी, म्हणताना पाच आधी. त्यामुळे "पंचवीस" ऐकून ५२ लिहिणारं मूल ऐकलेलंच लिहीत असतं. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस पाच" अशी रीत सोबत दिली, तेव्हा तिची खूप टर उडाली. अडलेल्या मुलाला मात्र ती काही महिने वापरू द्यायला हरकत नाही. सात-आठ वर्षांपर्यंत बोटांवर मोजू द्या.

पैसे कुठे घालू नयेत

बोटांचे ठसे घेऊन बुद्धीचा अहवाल देणारी डीएमआयटी चाचणी: तिला शास्त्रीय आधार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन: डोळ्यांवर पट्टी बांधून वाचता येईल असा दावा करतात, पण मूल वाचतं ते नाकाशेजारच्या फटीतून. कार्ड डोक्याच्या वर धरा किंवा पट्टीखाली कापूस ठेवून कडा चिकटवा, वाचन थांबेल. "तुमचं मूल व्हिज्युअल लर्नर (बघून शिकणारं) आहे" हे ऐकायला छान वाटतं, पण त्या प्रकारानुसार शिकवल्याने जास्त शिकतात याचा भक्कम पुरावा २००८ च्या मोठ्या आढाव्यातही सापडला नाही. अबॅकसने अबॅकसची बेरीज वेगात होते. वाचन किंवा लक्ष सुधारेल या आशेने पाठवू नका.

तपासणीला जाताना

वरचं सगळं झालं, तरी अडचण आहे, तर मूल्यमापन. बालरोगतज्ज्ञापासून सुरू करा, मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा, विचारण्यात संकोच नको. सोबत न्या: प्रसूतीचं डिस्चार्ज कार्ड, माता-बाल संरक्षण कार्ड, कान-डोळे-रक्ताचे अहवाल, बाईंचं लेखी निरीक्षण, शनिवारची वही आणि शाळेच्या वह्यांची मधली पानं. आईने सुधारून लिहून घेतलेली गृहपाठाची वही नेऊन काही उपयोग नाही. मूल झोपलेलं, जेवलेलं हवं. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी किंवा तापातून उठल्यावर लगेच नेऊ नका.

अतिचंचलतेच्या निदानासाठी लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन ठिकाणी, आणि बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. फक्त गणिताच्या तासाला चंचल असणारा मुलगा यात बसत नाही. सहा वर्षांखाली औषधाआधी पालकांचं प्रशिक्षण.

अंगणवाडी आणि सरकारी शाळांतल्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं फिरतात: अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. संशय असलेल्या मुलाला ती जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात, उपचार मोफत असतो. पथक कधी येणार हे सेविकेला विचारून त्या दिवशी मूल गैरहजर राहणार नाही एवढं बघा. बोलण्यात किंवा वागण्यात उशीर असेल तर निदानाचा कागद हातात येईपर्यंत थेरपी थांबवू नका. निदान आणि मदत एकाच वेळी चालू शकतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता या दोन्ही आहेत. अध्ययन अक्षमतेचं पक्कं निदान साधारण आठ वर्षांच्या, म्हणजे तिसरीच्या आसपास होतं. त्याआधी "धोका आहे" एवढंच म्हणतात आणि शिकवणं वाढवतात. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेनुसार लेखनिक मिळतो. दहावीच्या तोंडावर अर्ज केला तर मंडळाची मुदत आणि रुग्णालयातली रांग यांत वर्ष जातं, म्हणून आठवीतच सुरुवात करा. सवलत शाळेच्या चाचण्यांपासून वापरायला लावा, कारण लेखनिकाला सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं. आणि मूळ प्रमाणपत्र घरी ठेवून शाळेत झेरॉक्स द्या, पोच घेऊन.